युद्धानंतरची लाईट, आफ्रिकेतलं सोलर आणि आपलं रातचं ओलित

पऱ्हाटी

हा धागा बरेच दिवस काढायचा होता, कापूस वेचणीच्या धांदलीत राहून जात होता. विषय लांबचा आहे, पण शेवटी आपल्याच बांधावर येतो.

युद्ध संपल्यावर एखाद्या देशात लाईट परत कशी येते? पूल, रस्ते, शाळा यांच्याबद्दल वाचायला मिळतं. विजेचं मात्र 'पुरवठा पूर्ववत होण्यास वेळ लागेल' एवढ्यावर भागवतात. तो वेळ किती असतो ते बघा. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया. तिच्याजवळ सेंट पॉल नदीवर माउंट कॉफी हा जलविद्युत प्रकल्प आहे, १९६६ चा. १९९० मध्ये यादवीत तो बंडखोरांच्या हाती गेला. नदीला पाणी वाढलं तेव्हा दरवाजे उघडायला जागेवर कुणी नव्हतं. पाणी बांधावरून गेलं, मातीचा बांध फुटला. पुढे लोकांनी यंत्रं उचकटून तांबं-लोखंड भंगारात घातलं. लढाई २००३ मध्ये थांबली. जुलै २००६ मध्ये राजधानीच्या काही भागांत सरकारी दिवे लागले, तेही जनरेटरवर. माउंट कॉफीचं पहिलं टर्बाईन फिरलं डिसेंबर २०१६ मध्ये, चारही लागायला २०१८ उजाडलं. एवढं करून ८८ मेगावॅट. आपल्या चंद्रपूरचं एकटं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे.

शेजारचा सिएरा लिओन तसाच. १९९१ ते २००२ यादवी. बुम्बुना धरणाचं बरंचसं काम झालेलं असताना १९९७ मध्ये युद्धामुळे थांबलं, ५० मेगावॅटचा तो प्रकल्प सुरू व्हायला २००९ साल लागलं. आणि धरण झालं तरी खेड्यापर्यंत तार नाहीच.

सोलर इथे कामाला येतं. केंद्र, टॉवर लाईन, सबस्टेशन, डीपी (ट्रान्सफॉर्मर), खांब यातलं एक जरी नसलं तरी बाकीचं सगळं निकामी. सोलरला ही साखळी लागत नाही. ज्या दवाखान्यावर लावलं तो दवाखाना त्याच संध्याकाळी उजेडात. सिएरा लिओनने नेमकं असंच केलं. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, तेव्हा आरोग्य केंद्रांत वीज नसणं म्हणजे काय ते सगळ्या जगाला दिसलं. मग ब्रिटनचा पैसा आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओपीएस या संस्थेचं काम, असा ग्रामीण वीज प्रकल्प २०१६ पासून उभा राहिला. आधी ५४ आरोग्य केंद्रांवर सोलर, मग त्याच केंद्रातून गावात तारा ओढून मिनीग्रिड, म्हणजे गावापुरतं छोटं वीजजाळं.

आता माझा मुद्दा. पॅनल लावणं हा यातला सोपा भाग आहे, फीत कापायला पाहुणेही मिळतात. पाचव्या वर्षी इन्व्हर्टर बंद पडला की तो कोण दुरुस्त करणार आणि कुणाच्या पैशाने, यावर त्या देशाची वीज परत आली की नाही ते ठरतं. आपल्याकडे युद्ध झालेलं नाही, पण सोलर पंप बंद पडल्यावर एजन्सीचा फोन लागत नाही हा अनुभव माझ्या शिवारात पैशाला पासरी मिळेल. त्यामुळे त्या देशांनी काय केलं हे आपण नीट बघावं असं वाटतं. आपल्या मंडळात आर्वीचा एक पोरगा तिकडेच कामाला आहे, त्याने लिहावं ही विनंती.

डीपीखालचा

भाऊ, ते तांब्याचं वाचून हसू आलं. तांबं न्यायले युद्ध कायले पाह्यजे? मी लाईनमन म्हणून रिटायर झालो. शेतातल्या डीप्या उघड्या पाडून आतलं तेल आन् कॉइल नेलेल्या कितीक पाह्यल्या. ऐन हरभऱ्याच्या ओलितात डीपी जाते, मंग शेतकरी आमच्या दारात. नवी डीपी येते तवा घाट्यात दाणा भरून झालेला राह्यते.

सोलरले तार कमी लागते म्हणून चोरी नाई, असं कोनी समजू नोका. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंतची डीसी केबल तांब्याचीच राह्यते. आमच्याइकडं पॅनल जागेवर, पंप जागेवर, केबल गायब. पंधरा दिवस बंद. शेतकऱ्यानं केबल स्वतःच्या पैशानं आणली तर एजन्सी म्हनते, तुमी हात लावला, आता गॅरंटी संपली.

उगाच

म्हणजे आपण युद्ध न करताच युद्धोत्तर झालो. खर्च वाचला.

खापरखेडा_शिफ्ट

उगाचराव, हसण्यावारी नेऊ नका.

मी औष्णिक केंद्रात काम करतो, त्यामुळे माझं मत एकांगी वाटेल, वाटू द्या. सोलरने देशाची वीज 'पुन्हा उभी' राहते हे म्हणणं मला पटत नाही. दिवे लागतात, मोबाइल चार्ज होतात, पंखा फिरतो. यालाच वीजपुरवठा म्हणायचं का? पिठाची गिरणी, वेल्डिंग, जिनिंग, कोल्ड स्टोरेज, हे चालतं का? संध्याकाळी सहानंतर सूर्य ड्युटीवर नसतो आणि घरातला लोड नेमका तेव्हाच वाढतो.

सीरियाचं बघा. तिथली वीज इतकी ढासळली की लोकांना दिवसाला दोन-तीन तास मिळायची. वायव्य भागात तर तंबूंवरसुद्धा पॅनल लागले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष असादची सत्ता गेली आणि मे २०२५ मध्ये कतारच्या कंपनीच्या पुढाकाराने सात अब्ज डॉलरचा करार झाला. त्यात ४००० मेगावॅट गॅसवर आणि १००० मेगावॅट सोलर. चारास एक. ज्यांना खरोखर देश चालवायचा आहे ते हे प्रमाण धरतात. पॅनलवर भागलं असतं तर गॅसच्या मागे कोण लागलं असतं?

फ्रीटाऊनकर

पऱ्हाटीदादांनी हाक मारली म्हणून लिहितो. मी आर्वीचा, सध्या सिएरा लिओनमध्ये मिनीग्रिडच्या देखभालीचं काम करतो. इथे राजधानी फ्रीटाऊन सोडलं की अंधार सुरू होतो असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी थोडीफार लाईन आहे, बाकी जनरेटर.

खापरखेडाकाका, तुमचा प्रश्न रास्त आहे. गिरणी चालते, पण दुपारी. मिनीग्रिड म्हणजे गावाबाहेर कुंपण घातलेली जागा, पॅनलच्या रांगा, एका खोलीत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या, तिथून खांबांवरून गावात लाईन. घरोघरी प्रीपेड मीटर. मोबाइलवरून पैसे भरले की आकड्यांचा कोड येतो, तो मीटरच्या बटणांवर मारायचा. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही, मग शेजारचं पोर येऊन मारतं आणि त्याबद्दल भाजलेले शेंगदाणे घेऊन जातं.

लोड कसा धरायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. मोटर सुरू होताना जो झटका घेते तो इन्व्हर्टरला सोसत नाही, म्हणून गिरणीवाल्याला सॉफ्ट स्टार्टर घ्यायला लावतात आणि ऊन असेल तेव्हाच दळा असं सांगतात. भात सडायची आणि कसावा किसायची यंत्रं इथे डिझेलवर चालायची, अजून बहुतेक तशीच आहेत. ज्या गावात त्यातलं एखादं विजेवर आलं तिथे मिनीग्रिडचा हिशोब जुळतो. नाहीतर नुसते दिवे आणि मोबाइल, त्यावर बॅटरीचा खर्च निघत नाही. सगळ्यात पटकन निघालेला धंदा म्हणजे फ्रीजरमध्ये पाण्याच्या पिशव्या थंड करून विकणं. बायका तो करतात आणि प्रीपेडचे सगळ्यात नियमित गिऱ्हाईकही त्याच.

ऊन इथे बारा महिने असतं असं तिकडे वाटतं. तसं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा लागतो की दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, फ्रीटाऊनला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो. डिसेंबरपासून सहारातून हरमटान वारा सुटतो. बारीक लाल धूळ पॅनलवर बसते आणि दवात भिजून चिकटते. पॅनल सकाळी पुसले नाहीत तर दुपारी उत्पादन खाली आलेलं स्क्रीनवर सरळ दिसतं.

दराचं वाईट आहे. इथली मिनीग्रिडची वीज राजधानीतल्या ग्रिडच्या विजेपेक्षा कितीतरी महाग पडते. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे त्याला युनिट सगळ्यात महाग. यावर इथे खेड्यांत लोक चिडलेले असतात आणि त्यांचं काही चूक नाही.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे. 'नुसते दिवे लागतात' हे वाक्य खटकलं म्हणून लिहिते.

रात्री दोनला बाळंतीण अडलेली असताना एका नर्सने टॉर्च धरायचा आणि दुसरीने टाके घालायचे, हे ज्याने पाहिलं आहे तो 'नुसते दिवे' म्हणणार नाही. सिएरा लिओनने सुरुवात आरोग्य केंद्रापासून केली यात मला फार शहाणपण दिसतं. गावातलं कुठलं घर पहिलं, कुठलं नंतर, हे भांडणच नाही. आणि दवाखान्याचा लोड ठरलेला असतो, तो एकदम वाढत नाही.

दुसरं, लसींचा फ्रीज. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पूर्वीच्या सोलर फ्रीजला बॅटरी लागायची आणि बॅटरी गेली की फ्रीज म्हणजे कपाट. आता पॅनलवर थेट चालणारे फ्रीज आले आहेत. त्यांच्यात बॅटरीच नसते. दिवसा आत बर्फ जमवून ठेवतात आणि त्या थंडीवर रात्र आणि ढगाळ दिवस काढतात. युद्धातून उठलेल्या देशांत लसीकरण टिकायला याची मोठी मदत झाली. काकांनी वीज साठवायची म्हटलं की बॅटरी डोळ्यापुढे आणली असेल, इथे साठवली आहे ती थंडी.

आता आपलं. एका आरोग्य उपकेंद्रावर सोलर लागलं होतं. कुठलं ते सांगत नाही. पहिली काही वर्षं छान चाललं. मग बॅटऱ्या उतरल्या. पत्र गेलं, उत्तर आलं की नवीन सोलर बसवायला पैसा आहे, जुन्याच्या बॅटऱ्या बदलायला तरतूद नाही, त्यासाठी खर्चाचं हेडच (बजेटमधलं खातं) नाही. शेवटी पॅनल तसेच वर आणि खाली मेणबत्ती. नवीन संच आला असता तर जुन्याच्या शेजारी लागला असता, एवढं मी बघितलं आहे. पऱ्हाटीदादा, तुमच्या पाचव्या वर्षाच्या इन्व्हर्टरचं उत्तर माझ्याकडे हे आहे: हेड नाही.

पऱ्हाटी

ताई, याचसाठी धागा काढला होता.

काका, सीरियाच्या करारात चारास एक हे बरोबर, पण ते केंद्र सरकारी पातळीवरचं गणित. दमास्कसची बेकरी गॅसच्या विजेवर चालेल, हे मान्य. खेड्यातली विहीर मधल्या वर्षांत कुणाच्या भरवशावर होती? आणि गॅसचा प्लांट उभा राहायला लागणारी वर्षं मोजायची की नाही?

संत्राबाग

वरुडकडून नमस्कार. सगळे सोलरच्या बाजूने किंवा विरोधात भांडताहेत, पाण्याचं कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो.

येमेन. २०१५ ला युद्ध भडकलं. साना शहराला मारिबच्या गॅस केंद्रातून वीज यायची, ती बंद झाली. डिझेल मिळेना, मिळालं तर परवडेना. लोकांनी सरकारची वाट न बघता बाजारातून पॅनल आणले आणि छतावर टाकले. कुठली योजना नाही, अनुदान नाही. जागतिक बँकेचे ५ कोटी डॉलर आले २०१८ मध्ये, तोवर दुकानदारांनीच देश उजळला होता. इथवर कौतुक करावं तेवढं थोडं.

पुढचं ऐका. तेच पॅनल बोअरवर गेले. आधी पंप चालवताना शेतकरी डिझेलकडे बघून हात आखडता घ्यायचा. सोलरवर तो प्रश्नच मिटला, सूर्य उगवला की पंप सुरू, मावळला की बंद. साना खोऱ्याचं पाणी आधीच खोल गेलं होतं, ते आणखी खोल चाललं. त्यातलं बरंच पाणी 'कात' नावाच्या पाल्यावर जातं, लोक तो दिवसभर चघळत बसतात, पोटाला त्याचा उपयोग शून्य. अफगाणिस्तानात हेल्मंडला तसंच, तिथे खसखशीच्या पिकावर. वाळवंटात सोलरवर बोअर चालवून शेततळी भरतात आणि पाणीपातळी खाली चालली आहे.

आता वरुड-मोर्शी. आमच्या भागाला डार्क झोन म्हणतात, भूजल उपसा भरण्यापेक्षा जास्त. हजार फुटांपर्यंत बोअर गेलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. संत्र्याच्या झाडाला मे महिन्यात पाणी पाहिजे म्हणजे पाहिजे. दिवसाची फुकटची वीज आली की ठिबकचा कॉक बंद कोण करणार? मी स्वतः सोलर पंपासाठी अर्ज केला आहे, ढोंग करत नाही. पण माझ्या शेजारच्या सगळ्यांनी केला आहे आणि आमचा पाझर एकच आहे.

पऱ्हाटी

संत्राबागभाऊ, दोन गोष्टी.

एक, आपल्याकडे तो लगाम आधीच गेलेला आहे. ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज माफ आहे. बिल नाही, मग उपसा कशाने थांबायचा? थांबतो तो रात्रपाळीच्या लाईनमुळे. आठवड्यातले काही दिवस लाईन रात्रीची, तेव्हा माणूस टॉर्च हातात घेऊन धुऱ्याधुऱ्याने जातो. अंधारात रोही नाहीतर डुक्कर अंगावर येतं, ताडोबाच्या बाजूला तर वाघ. साप वेगळाच. या भीतीवर भूजल टिकवायचं असेल तर ते मला मान्य नाही.

दोन, तुमच्या मुद्द्याला तोड नाही हेही खरं. आमच्या कोरडवाहू पट्ट्यात एक ओलित मिळालं तर कापसाची एक वेचणी वाढते. वरुडला गणित वेगळं. एकच योजना दोन्हीकडे, तीच एकरावर ठरलेली ३, ५, ७.५ एचपी, हे काही बरोबर नाही. पाणी किती खोल आहे ते आधी विचारायला पाहिजे.

छतावरचं

वर्ध्याला सोलरचं दुकान आहे, जाहिरात करत नाही. एक गैरसमज रोज दुकानात येतो, तो इथे काढून टाकतो, कारण युद्ध झालेल्या देशांच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे.

सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान घेऊन ३ किलोवॅट लावलं, आणि मेमध्ये वादळात लाईन गेली. गिऱ्हाईक फोन करतं, 'भरउन्हात माझी लाईट बंद कशी?' कारण ते ऑनग्रिड आहे. ऑनग्रिड इन्व्हर्टर ग्रिडच्या विजेचा ताल बघून चालतो. ग्रिड गेली की त्याने स्वतःहून बंद व्हायचं असतं, तसा नियमच आहे. लाईनवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगात तुमच्या छतावरचा करंट जाऊ नये म्हणून.

जिथे ग्रिडच मोडलेली आहे तिथे असला इन्व्हर्टर म्हणजे शोभेची वस्तू. तिथे बॅटरी आणि स्वतःचा ताल धरणारा इन्व्हर्टर लागतो, म्हणजे हायब्रिड किंवा ऑफग्रिड. खर्च तिथे वाढतो. पॅनल आता इतका स्वस्त झाला आहे की २०१० च्या आसपास वॅटला दोन डॉलरच्या घरात असलेला भाव २०२४ ला दहा सेंटच्या आसपास आला. पैसा जातो बॅटरीत, स्ट्रक्चरमध्ये, तारेत आणि माणसात. लेबनॉनला हे चांगलं दिसलं. तिथली यादवी १९९० ला संपली तरी सरकारी वीज कधी धड झालीच नाही, गल्लोगल्ली जनरेटरवाल्यांची वर्गणी. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी वीज देशभर पूर्ण बंद पडली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत लोकांनी छतावर साधारण १००० मेगावॅट टाकलं, बॅटरीसकट. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी. भाड्याने राहणाऱ्याला छत कुठलं?

डीपीखालचा

छतावरचं भाऊ, लाईनमनची आठवण ठेवली, बरं वाटलं.

बॅक फीड काय राह्यते ते सांगतो. लाईन बंद करून परमिट घेतलं, खांबावर चढलो, तार हातात घ्यायच्या आधी तार जमिनीले जोडनारा अर्थिंग रॉड टाकला आन् ठिणगी उडाली. पलीकडं मंगल कार्यालयात जनरेटर सुरू होता, चेंजओव्हर, म्हंजे लाईन तोडून जनरेटर जोडायचा खटका, नीट नाई टाकला. रॉड नसता टाकला तर आज मी हे लिवत नसतो. नव्या पोरायले मी हेच सांगतो, बंद लाईन ही बंद नसते, रॉड टाकल्यावर बंद.

आता घराघरात इन्व्हर्टर आन् बॅटरी आली. त्या देशांत तर ग्रिड परत जोडताना एकेक गल्लीत कोनाचं काय कुठं जोडलेलं हाय, कोनाले माहीत? माया मते खरी जोखीम तिथं हाय. ग्रिड नसताना सोलर सोपं, ग्रिड परत येते तवा खेळ अवघड.

फ्रीटाऊनकर

डीपीकाका, अगदी नेमकं बोललात. इथे हाच पेच आहे.

आयव्हरी कोस्ट, लायबेरिया, सिएरा लिओन आणि गिनी या चार देशांतून जाणारी २२५ केव्हीची १३०० किलोमीटरची टॉवर लाईन झाली आहे. तिच्या आसपासच्या गावांना आज ना उद्या ग्रिड मिळेल. त्या गावात मिनीग्रिड असेल तर तिचं काय करायचं? ऑपरेटरने वीस वर्षांच्या हिशोबाने पैसा घातलेला, आणि स्वस्त ग्रिड आली की गिऱ्हाईक जाणार. म्हणून मिनीग्रिडचे खांब-तारा सुरुवातीपासूनच ग्रिडच्या मापाच्या हव्यात आणि ग्रिड आल्यावर ऑपरेटरला किती भरपाई हे आधीच कागदावर हवं. जिथे हे आधी लिहिलेलं नाही तिथे कंपन्या लांबच्या गावांतच जातात किंवा येतच नाहीत.

आणि ग्रिड म्हणजे दरवेळी सुख असं नाही. फ्रीटाऊनला २०१८ पासून समुद्रात उभ्या केलेल्या तुर्की जहाजावरून वीज घेतली गेली. २०२३ मध्ये बिल थकलं म्हणून त्यांनी पुरवठा जवळजवळ बंदच केला होता. लायबेरियात माउंट कॉफी उभं राहिलं, पण अर्ध्याहून जास्त वीज आकडे टाकून आणि मीटर फिरवून जायची. शेवटी २०१९ मध्ये वीजचोरीचा कडक कायदा करावा लागला. शिवाय सेंट पॉल नदीला उन्हाळ्यात पाणी कमी होतं आणि टर्बाईन थांबतात. नेमकं तेव्हा ऊन स्वच्छ असतं, म्हणून धरणाच्याच आवारात २० मेगावॅट सोलरची योजना आखली आहे. पाण्याच्या काळात पाणी, उन्हाच्या काळात ऊन, लाईन तीच. मला विचाराल तर सोलर विरुद्ध धरण या भांडणापेक्षा हे बरं.

खापरखेडा_शिफ्ट

हे पटलं. माझा विरोध सोलरला नव्हता, सोलर लावलं की बाकी काही लागत नाही या बोलण्याला होता. राखेत राहणाऱ्या माणसाला कोळशाचं प्रेम असतं असं समजू नका. आमच्याकडे खिडकीत वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी करडं होतं.

वैनगंगा

दुरुस्ती कोण करणार या प्रश्नावर एक आठवलं. राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे, १९७२ पासून. तिथे परदेशांतल्या खेड्यातल्या बायकांना सहा महिने सोलरचं काम शिकवतात. बऱ्याच जणी आज्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. रंग आणि खुणांवरून सर्किट जोडायला शिकतात. अफगाणिस्तानच्या आल्या, सिएरा लिओनच्याही येऊन शिकून गेल्या. आज्याच का, तर तरुण पोरगा शिकला की शहरात जातो, आजी गावात राहते. हे फार व्यवहारी कारण आहे.

फ्रीटाऊनकर, तुमच्याकडे दिसतं का हे काही?

फ्रीटाऊनकर

ताई, दिवे आणि घरगुती संच त्या सांभाळतात. आमच्या मिनीग्रिडचा मोठा इन्व्हर्टर बिघडला तर त्याचं कार्ड बाहेरच्या देशातून येतं, तिथे आजी असो की मी, दोघंही वाट बघतो. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की आणखी. म्हणून आता आम्ही जास्तीचं कार्ड गावातच ठेवायचा आग्रह धरतो. कपाटाला कुलूप, किल्ली गावच्या प्रमुखाकडे.

रवांडाचंही सांगून ठेवतो. १९९४ च्या वंशसंहारानंतर अनाथ झालेल्या मुलांसाठी उभारलेल्या अगाहोझो-शालोम या वसाहतीच्या जमिनीवर २०१४ मध्ये ८.५ मेगावॅटचं सोलर केंद्र झालं. २८,३६० पॅनल, वरून बघितलं तर आफ्रिका खंडाच्या आकाराचे. ते सरळ ग्रिडला जोडलेलं आहे. जमिनीचं भाडं वसाहतीला मिळतं, त्यातून तिचा थोडा खर्च निघतो. जमीन देणाऱ्याला दरवर्षी काहीतरी मिळत राहिलं की तो त्या केंद्राकडे लक्ष ठेवतो.

पऱ्हाटी

भाड्याचं आपल्याकडे आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरला वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सबस्टेशनजवळ केंद्र, आणि त्या फीडरवरच्या, म्हणजे सबस्टेशनवरून निघणाऱ्या त्या लाईनवरच्या, सगळ्या पंपांना दिवसा वीज. मला व्यक्तिशः घरोघरी सोलर पंपापेक्षा हा रस्ता जास्त पटतो, कारण दुरुस्ती एका ठिकाणी. पंप आपलाच, फक्त लाईन दिवसा. संत्राबागभाऊंच्या भागात फीडरवर तास तरी ठरवता येतील, एकट्याच्या पंपावर कोण ठरवणार?

आमच्या गावात सध्या वेगळाच घोळ आहे. पाणीपुरवठ्याच्या सोलर पंपाचा कंट्रोलर बंद आहे. टाकी कोरडी, पॅनल शाबूत. ग्रामसभेत विषय घेतोय. वैनगंगाताई म्हणतात तसं हेड नाही, म्हणून पाणीपट्टीतून दर महिन्याला थोडी रक्कम फक्त दुरुस्तीसाठी बाजूला काढावी असा ठराव मांडणार आहे. सरपंच म्हणतात लोक भरणार नाहीत. जाणत्यांनी सांगा, ठरावात काय काय लिहून घ्यावं?

छतावरचं

कंट्रोलरचं मॉडेल आणि पॅनल किती वॅटचे, किती लाईनीत, ते फोटो काढून पाठवा. ५ एचपीला साधारण ४८०० वॅट असतात. गॅरंटीची पाच वर्षं संपली का ते आधी कागदावर बघा, नसतील तर एक रुपया खर्चू नका, लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. खूपदा कंट्रोलर गेलेला नसतो, पॅनलच्या तारा जोडणारा एमसी-४ कनेक्टर जळालेला असतो किंवा उंदराने केबल कुरतडलेली असते.

डीपीखालचा

ठरावात तीन नावं टाका, तिघंही गावात राह्यनारे. एकाले हात लावायची परवानगी, दुसऱ्याकडं कागद आन् पोच, तिसऱ्याकडं पैसा. पैसा सरपंचाकडं नोको, तो पाच वर्षांनी बदलते. आन् पुसायले माणूस नेमा, आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन तापायच्या आधी. तापलेल्या काचेवर थंड पानी नोका मारू, काच तडकते.

संत्राबाग

विहिरीची पातळी लिहायचं रजिस्टर पण ठेवा. मार्च, एप्रिल, मे. पंप दिवसभर चालला की टाकी भरून वाहते, टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच आहे का बघून घ्या. आमच्याकडे नव्हता.

पऱ्हाटी

फ्लोट स्विच नाही. उद्या टाकीवर चढून कंट्रोलरच्या पेटीचे फोटो टाकतो. गॅरंटीचा कागद ग्रामपंचायतीत सापडत नाहीये, माजी सरपंचांकडे असेल म्हणतात.